पहिली शिकार, बेताचा खिसा
आफ्रिकेत पहिल्यांदाच शिकारीला निघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सिंह किंवा रानरेडाच असतो. खिसा बेताचा असेल तर तो नाद सोडावा आणि नामिबिया किंवा दक्षिण आफ्रिका गाठून इंपाला, स्प्रिंगबॉक, गेम्सबॉक, जमलंच तर एखादा कुडू, एवढ्या कुरंगांवर भागवावं. खरा खर्च दरपत्रकाच्या तळाशी, बारीक अक्षरांत असतो. मुक्काम, जेवण आणि सोबतच्या परवानाधारक शिकाऱ्याचा रोजचा दर वेगळा, प्रत्येक जनावराची रक्कम वेगळी. आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावराचेही बहुतेक ठिकाणी पूर्ण पैसे मोजावे लागतात. रक्ताचा थेंब दिसला की पैसे लागू. मला हा नियम न्याय्यच वाटतो, कारण त्याने उतावळ्या बोटाला लगाम बसतो. शिंगं-कातडी घरी न्यायचा हट्ट सोडला तर रसायनप्रक्रिया, खोकी, परवाने, विमानभाडं सगळंच वाचतं. रायफलही तिथेच भाड्याने मिळते. जायचं तर जून ते ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्यात. गवत वाळलेलं, झुडपं विरळ, जनावरं पाणवठ्याकडे वळलेली. नामिबियात १९९६च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना वन्यजीवांवर हक्क मिळाले; तिथे शिकारीचं मांस आणि उत्पन्नाचा वाटा गावाकडे जातो. तेव्हा दोन पैसे वाचवताना हा वाटा गावाला पोचतो का, हे आधी विचारा. आणि निघण्यापूर्वी तिकाठीवर रायफल टेकवून, उभ्याने नेम धरण्याचा भरपूर सराव करा. जनावराला तडफडत ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.