बोटाएवढा बोंबील

या आठवड्यात प्रकाशा गावच्या बाजारात सुक्या बोंबलांचा ढीग चाळताना माझा हात थांबला, कारण निम्मे बोंबील बोटाएवढेच होते. तापी-गोमाईच्या संगमावर राहणाऱ्या आम्हाला समुद्र भेटतो तो असा, गोणीतून! तव्यावर खरपूस भाजून लसूण-मिरचीत ठेचलेला बोंबील आणि कळण्याची भाकरी असली, की शेजारीही वासावर येतात. हा मासा झपाट्याने वाढतो आणि थोडंच जगतो. त्यामुळे तो कधी संपणार नाही, असं आपण धरून चालतो. पण अंडी घालण्याआधीच पिल्लू डोल जाळ्याच्या बारीक छिद्रांत अडकलं, तर पुढच्या हंगामाला येणार कोण? १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी हवीच, पण बंदी उठल्यावर पिल्लंच उपसली तर ती वाया जाते. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. बोंबलाची आहे १८० मिलिमीटर, म्हणजे वितीहून जरा कमी. हा नियम फक्त बंदरावर पाळून भागणार नाही. गिऱ्हाइकानेही वीत लावूनच बोंबील घ्यावा. मी बाजारात तिथेच वीत लावली. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बारीक स्वस्त पडतात, दादा." मी मोठे अर्धा किलो घेतले.