औषध मागावयाचें कीं भीक?

पुण्यास जाणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंस बुधवार पेठ ठाऊक नाहीं असें नाहीं. विहिरीवरच्या मोटारीची वायर तापकीर गल्लींत मिळते. दगडूशेठच्या गणपतीपुढें नारळ फोडावयाचा असतो. आम्हां शाळामास्तरांस तर पुस्तकांसाठीं अप्पा बळवंत चौकाखेरीज गतीच नाहीं. ह्याच पेठेंत १८४८ सालीं भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा घातली. परंतु ह्याच पेठेच्या कांहीं गल्ल्यांतून जातांना आपले लोक मान खालीं घालतात, आणि गांवीं परतल्यावर त्यांचें नांव काढीत नाहींत. (कांहीं जण तेथें कशाकरितां जातात हें आम्हांस ठाऊक आहे, आजचा विषय तो नव्हे.)

त्या गल्ल्यांत देहविक्रयावर पोट भरणाऱ्या बायका आकाशांतून पडल्या नाहींत. कोणी कर्नाटकांतून आली, कोणी बंगालमधून, कोणी नेपाळांतून, कांहीं आपल्याच मुलखांतून. देवाच्या नांवानें सोडलेल्या, नवऱ्यानें टाकलेल्या, कामाची थाप देऊन आणलेल्या अशा ह्या गरीब कष्टकऱ्यांच्याच लेकी. त्यांच्या दुखण्याचें पुणें महानगरपालिकेनें काय करावें हा प्रश्न म्हणूनच आमच्या घरचा आहे.

त्यांच्यासाठीं कांहींच होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. एड्सची तपासणी होते, औषधेंही मिळतात. पण ह्या खटाटोपाच्या मुळाशीं काळजी कोणाची? बाईचा रोग बाहेर जाऊं नये, एवढीच. तिला दमा लागला, दाढ ठणकली, बाळंतपणांत ताप आला, तर वास्तपुस्त कोण करतो?

हा विचार जुनाच आहे. १८६८ सालीं इंग्रज सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. बाईनें नांव नोंदवावयाचें, सक्तीनें अंग तपासून घ्यावयाचें. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषास मात्र तो कायदा शिवत नव्हता. १८८८ त तो रद्द झाला, पण वृत्ति राहिली. १८९७ च्या प्लेगांत रँडसाहेबाच्या कमिटीनें शिपाई घरांत घुसवून रोगी हुडकले, आणि लोक आपलीं माणसें लपवूं लागले. त्याच वर्षीं सावित्रीबाई व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनीं पुण्याजवळ दवाखाना घालून प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १० मार्च रोजीं बाई त्याच रोगानें वारल्या. दोन्हीकडे प्लेगशींच झगडा होता. एकीकडे रोगी म्हणजे धोका, दुसरीकडे माणूस.

कोणी सोंवळा म्हणेल, असल्या बायकांवर लोकांचा पैसा कां खर्चावा? त्याला सांगावें कीं साबण, चहा ह्या बायकाही घेतात, आणि त्यावरचा कर त्यांना कोणी सोडीत नाहीं. शिवाय १९४९ च्या महानगरपालिका कायद्याच्या ६३ व्या कलमानें सार्वजनिक दवाखाने चालविणें हें पालिकेचें बंधनकारक काम ठरविलें आहे. बंगालमधल्या एका शेतमजुरास आगगाडींतून पडून डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनीं त्याला परत लावलें. त्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें १९९६ सालीं स्पष्ट सांगितलें कीं वेळेवर उपचार न देणें म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचा भंग होय, आणि तिजोरींत पैसा नाहीं ही सबब चालणार नाहीं. त्याच कलमाखालीं मे २०२२ मध्यें कोर्टानें ह्या बायकांस अब्रूनें वागविण्याचा हुकूम दिला.

हक्क आहे, तर अडतें कोठें? अडतें कागदावर. पालिकेची शहरी गरीब योजना आहे, पण तिला रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला पाहिजे. माडीवरच्या खोलींत खाटेच्या भाड्यानें राहणारीला रहिवासाचा दाखला कोण देईल? घरमालकीण देईल काय? २०२० सालीं टाळेबंदींत चूल विझली तेव्हां कोर्टास सांगावें लागलें कीं ओळखीचा कागद न मागतां ह्यांस शिधा द्या. धान्याला जें लागू झालें तें औषधाला कां नसावें? आणि वेळ पहा. रात्रभर जागणाऱ्या बाईला सकाळची बाह्यरुग्ण तपासणी काय कामाची?

जोतीराव १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० सालीं लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठीं १००० रुपये खर्चण्याचा ठराव आला तेव्हां एकट्यानें विरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा म्हणाले. त्याच सालीं दारूची दुकानें वाढूं लागलीं, तर दारूनें लोकांच्या प्रकृतीची नासाडी होते म्हणून म्युनिसिपालिटीस पत्र लिहिलें. सभासदानें पैशाचा हिशेब असा विचारावयाचा असतो. मार्च २०२२ मध्यें पुण्याच्या सभासदांची मुदत संपली, आणि पुढें कित्येक वर्षें निवडणूकच झाली नाहीं; त्या काळांत प्रशासकास असा हिशेब पेठेंतल्या बाईनें विचारावयाचा तरी कसा होता?

आमचें मागणें थोडें आहे. पेठेंत पालिकेचा दवाखाना संध्याकाळीं उघडा असावा. तेथें बाई डॉक्टर असावी. नांव सांगेल तें लिहून घ्यावें, दाखला मागूं नये. आणि आईबरोबर आलेल्या पोराच्या खोकल्याकडेही पहावें. पुण्यांत ज्यांचे सोयरे आहेत, त्यांनीं पुढच्या वेळीं मत मागणारा दारीं आला कीं हें त्याला विचारावें. आपल्या गांवच्या उपकेंद्रांत नर्सबाई कां नसते हेंही त्याच दमांत जिल्हा परिषदेच्या सभासदास विचारावें.