विसरू नका, कामाला लागा

इंग्लंडमधल्या बॅसिल्डन गावात १९८० साली ‘डेपेश मोड’ हा बँड उभा राहिला. सिंथेसायझरवर भर देणाऱ्या न्यू वेव्ह काळातली ही मंडळी. डेव्ह गहान गातो, मार्टिन गोर बहुतेक गाणी लिहितो. तिसरा अँडी फ्लेचर, गोरचा शाळेपासूनचा मित्र. तो कीबोर्डवर उभा असे, पण गाणी लिहीत नसे आणि मुख्य गायकही नव्हता. व्यवहार पाहणे आणि दोन मानी कलाकारांना जोडून ठेवणे, हे त्याचे काम.

२६ मे २०२२ रोजी, वयाच्या ६० व्या वर्षी फ्लेचर अचानक गेला. नव्या अल्बमची तयारी तेव्हा चालू होती. उरलेल्या दोघांनी ती थांबवली नाही. मार्च २०२३ मध्ये ‘मेमेंटो मोरी’ हा त्यांचा पंधरावा स्टुडिओ अल्बम आला. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘मरण लक्षात ठेव’. विजयी रोमन सेनापतीला मिरवणुकीत अशीच आठवण करून देत, असे सांगतात. अल्बमचे नाव आणि बरीच गाणी फ्लेचर असतानाच ठरली होती. त्याच्या जाण्याने त्याच गाण्यांना वेगळे वजन आले.

मित्र गेल्यावर लगेच काम करणे काहींना कोरडेपणाचे वाटेल. मला तसे वाटत नाही. पुढच्या दौऱ्यात ‘वर्ल्ड इन माय आइज’ हे गाणे सुरू झाले, की मागच्या पडद्यावर फ्लेचरचा चेहरा दिसे. कार्यक्रम ठरल्या वेळी होई आणि मित्राची आठवणही त्यातच असे. पूर्वी फ्लेचर मध्ये असे; आता दोघांना एकमेकांशी थेट बोलावे लागले, आणि ते अधिक जवळ आले.

मित्रांनो, हे आपल्याही उपयोगाचे आहे. घरचे माणूस गमावून एखादा कॅडेट वसतिगृहात परततो. आपण त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘‘विसर आता, कामाला लाग.’’ त्यातले ‘कामाला लाग’ मला पटते. पीटी, परेड, अभ्यास यांचा खरेच आधार होतो. पण ‘विसर’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिस्त म्हणजे दुःख दडपणे नव्हे. ते बरोबर घेऊनही पावले जुळवता येतात.

म्हणून अशा मित्राला एकदा विचारा, ‘‘तुझे बाबा कसे होते रे?’’ तो बोलेल तेवढे ऐका. मग दोघे मिळून फॉल-इनला चला.