नक्षी कोणीं काढावी?

‘चित्रें काढून कोणाचें पोट भरलें आहे?’ हा प्रश्न आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या तोंडीं इतका बसला आहे कीं, तो विचारल्यावर उत्तराची वाटही कोणी पाहत नाहीं. गुणपत्रक हातीं आलें म्हणजे बाप गणित पाहतो, इंग्रजी पाहतो. चित्रकलेच्या रकान्याकडे त्याची नजर वळत नाहीं. शाळांतूनही तीच तऱ्हा. गणिताचा भाग मागें राहिला कीं चित्रकलेचा तास त्याला जोडावा, साहेब यावयाचे असले कीं त्याच तासाला पटांगण झाडून घ्यावें. आम्ही खेड्यांतल्या शाळेंत खडू धरणारे आहों, तेव्हां ही गोष्ट ऐकीव म्हणून सांगत नाहीं.

परंतु या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें विचारणाराच्या घरांतच आहे. कारभारणीच्या लुगड्याचा काठ, चोळीच्या खणावरील बुट्टी, अंथरुणावरची सोलापुरी चादर, यांपैकीं एकही वस्तु कोणीतरी आधीं मनांत किंवा कागदावर काढल्याशिवाय मागावर चढलेली नाहीं. त्या काढण्याचे पैसे कोणाला तरी मिळाले. ते आमच्या मुलांना कां मिळूं नयेत?

सांगली जिल्ह्यांत विटें हें यंत्रमागांचें गांव. पलीकडे इचलकरंजीस १९०४ सालीं पहिला यंत्रमाग चालला, आणि आज तें शहर मागांच्या खडखडाटावरच उठतें आणि झोंपतें. तेथें निघणारें बरेंचसें कापड साधें, विनानक्षीचें असतें. त्याची मजुरी ‘पिका’वर ठरते. हें पीक शेतांतलें नव्हे; आडवा धागा एकदां या कडेचा त्या कडेला गेला म्हणजे एक पीक. इंचाला इतकीं पिकें आणि पिकाला इतके पैसे, असा तो हिशेब. मंदी आली कीं पहिला घाव या पैशांवर पडतो, कारण साधें कापड कोणाच्याही मागावर सारखेंच निघतें. विट्याचें परवडत नाहीं तर भिवंडीचें घेतों, असें व्यापारी तोंडावर म्हणूं शकतो. नक्षीच्या कापडाचें तसें नाहीं. तेथें गिऱ्हाइकाला तोच काठ हवा असतो, आणि तो ज्याच्यापाशीं असेल त्याच्याच दारीं जावें लागतें. नकला होतात हें आम्ही जाणतों. पण नक्कल करणारा नेहमीं एक हंगाम मागें असतो.

आतां ही नक्षी मागावर चढते कशी, तें थोडें विस्तारानें सांगतों. कारण यंत्राच्या पोटांत कांहींतरी जादू आहे अशी समजूत पुष्कळांची असते. ताणा उभा, बाणा आडवा, हें सर्वांस ठाऊक आहे. नक्षी काढणारा चौकटींचा कागद घेतो. कागदाची उभी ओळ म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेरी. जें घर रंगविलें तेथें उभा धागा वर उचलावयाचा, जें मोकळें ठेवलें तेथें खालीं राहूं द्यावयाचा. झालें! पूर्वीं हे धागे उचलण्यासाठीं मागाजवळ एक पोर दिवसभर दोऱ्या ओढीत बसे. फ्रान्सांतील लिआँ शहरीं जोसेफ जॅकार्ड नांवाच्या, विणकराच्याच पोटीं जन्मलेल्या माणसानें १८०४ च्या सुमारास त्या पोराची सुटका केली. त्यानें कागदावरील प्रत्येक आडवी ओळ एकेका पुठ्ठ्यावर भोंकें पाडून उतरविली आणि पुठ्ठ्यांची माळ मागावर चढविली. भोंक असेल तेथला धागा उचलला जातो, नसेल तेथला जागीं राहतो. आमचे मागवाले आजही त्या यंत्राला जॅकार्डच म्हणतात. अलीकडे पुठ्ठ्यांची जागा संगणकानें घेतली आहे, पण कागदावरील घरांचा कायदा बदललेला नाहीं.

या कायद्याची पहिली शाळा प्रत्येक घराच्या अंगणांत रोज सकाळीं भरते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरें काय आहे? अकरा ठिपके अकरा ओळी मांडून, मोजून, एकच वळण चारी बाजूंस फिरवीत नेणारी आमची म्हातारी हातानें तेंच करते जें नक्षीकार चौकटींच्या कागदावर करतो. तिला कोणी पगार दिला नाहीं, कोणी कलावंतही म्हटलें नाहीं. दुपारीं कोंबड्यांनीं ती नक्षी उकरली कीं दुसऱ्या दिवशीं ती दुसरी काढते. वाकळ शिवतांना जुन्या लुगड्यांचे तुकडे कोणता कोणाशेजारीं शोभेल हें ठरविणें, माण-खटावच्या सनगरानें घोंगडीचा पट्टा बोटांवर धागे मोजून सोडणें, हींही त्याच विद्येचीं अंगें. मिरजेस तंबोरे-सतारी करणारीं शिकलगारांचीं घरें हत्यारांना धार लावण्याच्या धंद्यांतून या कामीं आलीं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर वेलपत्ती उठवितांना त्यांनाही आधीं ती हातानें आंखावी लागते.

आणि काठांचीं नांवें पाहा. रुईफूल, गोम, करवत, चटई, कोयरी! रुई बांधावर उगवते, गोम दगडाखालीं निघते, करवत सुताराच्या हातांत असते. ज्यांनीं हे काठ प्रथम काढले त्यांनीं ते कोण्या राजवाड्यांतून आणले नाहींत. बांधावर बसणाऱ्या आणि करवत ओढणाऱ्या लोकांच्या डोळ्यांतूनच ते लुगड्यावर उतरले. मग मधल्या काळांत पेन्सिल आमच्या हातांतून गेली कशी? आमच्या मतें, लिहिणें म्हणजे विद्या आणि हातानें घडविणें म्हणजे मजुरी, ही जी वांटणी आमच्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालली ती आम्हींही मुकाट्यानें मान्य केली. शाळेंत मूल घातलें तें हातांचें काम सुटावें म्हणून. त्यामुळें जें काम डोक्याचें आणि हाताचें मिळून आहे तें नेमकें आमच्या नजरेंतून निसटलें. खटाव तालुक्यांतील कटगुण हें ज्यांच्या घराण्याचें मूळ गांव त्या जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनांत, प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला असावा आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्याची त्याला लाज वाटूं नये, असें सुचविलें होतें. वाकस चालविण्यापूर्वीं सुतार लाकडावर रेघ आंखतो, हें आम्ही त्यांत जोडूं इच्छितों.

रेघेची किंमत पाहावयाची तर किर्लोस्करवाडीकडे पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या नांवाच्या कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. रंग ओळखण्यांत डोळ्याचा दोष निघाला, तेव्हां रंग सोडून ते यंत्रांचीं चित्रें आंखावयास शिकले आणि पुढें मुंबईसच तें शिकवूंही लागले. १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर त्यांनीं कारखाना काढला आणि तेथून लोखंडी नांगर गांवोगांव गेले. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं कांहीं काळ त्या नांगरांची विक्री केली, हें सातारकरांस सांगावयास नको. शेतांत उतरण्यापूर्वीं तो नांगर कागदावर उतरला होता.

मुलाला हें शिकवावें कसें, असें कोणी विचारील. खर्चाचें कारण सांगूं नये. गणिताची चौकटींची वही प्रत्येक दप्तरांत असते. तीच नक्षीची वही. बांधावरचें रुईचें फूल तोडून समोर ठेवावें. पांच पाकळ्या, मध्यें उभा मुकुट. प्रथम तें जसें दिसतें तसें मोकळ्या हातानें दहा वेळां काढावें. पुस्तकांतलें फूल पाहून नव्हे. मग पंधरा घरें लांब, पंधरा घरें रुंद एवढ्या जागेंत तें बसवावें. येथें मूल अडतें, कारण वळण घरांत मावत नाहीं. त्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. कोणती पायरी ठेवावी आणि कोणती गाळावी, यांतच सगळी अक्कल आहे. त्यानंतर तेंच फूल शेजारीं, वर, खालीं मांडीत जावें आणि वही लांब धरून पाहावी. फुलांमधल्या मोकळ्या जागेची एक आडवी वाट आपोआप पडलेली दिसते. ती मनांत नसतांना उमटली असेल तर फुलें अर्ध्या फुलाइतकीं सरकवावीं. शेवटीं भरलेलीं घरें मोजावीं. एका ओळींत फार घरें सलग भरलीं तर कापडावर तो धागा सुटा लोंबतो आणि बायकांच्या बांगडींत अडकतो. ही शेवटली गोष्ट मुलांना चटकन्‌ पटते, विशेषतः मुलींना.

आतां संगणक सर्व करतो, हाताचें काय काम, असेंही म्हणणारे आहेत. एकदां काढलेलें फूल हजार वेळां मांडणें, रंग बदलून पाहणें, हें यंत्र क्षणांत करतें आणि तें त्यानें करावें. पण कोणतें फूल, किती सोपें करून, कोठें मोकळी जागा ठेवून, हें ज्याला वहींत कधीं ठरवावें लागलें नाहीं तो यंत्रापुढें बसून दुसऱ्याचीच नक्षी उचलतो. तशीं मुलें आज पुष्कळ आहेत आणि त्यांचे पगारही तसेच आहेत.

सरकारकडे आमचें एक मागणें आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या अनुसूचींत, सहावी ते आठवीचा पट शंभरांवर असेल तर कलेसाठीं अर्धवेळ शिक्षक असावा, असें लिहिलें आहे. म्हणजे पेठेंतल्या शाळेला शिक्षक, आणि वाडीवस्तीवरच्या शाळेला नाहीं! ज्या घरांना या विद्येची अधिक गरज त्यांच्याच दाराशीं हा शंभराचा उंबरा घातला आहे. एका केंद्रांतल्या सर्व शाळांचा पट एकत्र धरून एक शिक्षक नेमावा. त्यानें आठवड्यांतला एकेक दिवस एकेका शाळेस द्यावा. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांत ‘संकल्पचित्र’ म्हणून एक स्वतंत्र विषय असतो, तो नेमका आम्ही म्हणतों तोच. हल्लीं दहावीला वाढीव गुण मिळावे म्हणून मुलें या परीक्षेस बसतात आणि गुण मिळाले कीं पेन्सिल कायमची खालीं ठेवतात. इचलकरंजीची वस्त्रोद्योगाची संस्था १९८२ पासून चालू आहे. तिच्या दारापर्यंत आमचें मूल वही घेऊन पोंचावें, एवढी त्या पेन्सिलीची मजल असली पाहिजे.

पालकांनीं शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढल्या बैठकींत एवढेंच विचारावें कीं, वेळापत्रकांत चित्रकलेचा तास कोणत्या वारीं आहे आणि गेल्या महिन्यांत तो किती वेळां झाला. सहल न्यावयाची तर औंधास न्यावी. राजे भवानराव पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते आणि त्यांनीं जमविलेला चित्रसंग्रह तेथें पाहावयास मिळतो. मात्र प्रत्येक मुलाच्या हातीं वही असावी. आणि इचलकरंजी-सोलापूरकडील ज्या कारखानदारांच्या माळ्यावर जॅकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांच्या माळा धूळ खात पडल्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां एखाद्या खेड्यांतल्या शाळेस द्याव्या. भोंकें एकेक करून चौकटींच्या वहींत उतरवीत गेलें म्हणजे त्यांतला काठ पुन्हां उलगडतो. सातवींतल्या मुलांना तें काम एका आठवड्याचें आहे.