निळं हेल्मेट कुणाच्या डोक्यावर?



24 ऑक्टोबरला परिपाठात मी दिनविशेष सांगत होते, संयुक्त राष्ट्र दिन. चौथीतला एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, माझे पप्पा तिकडेच आहेत, दक्षिण सुदानला. त्यांचं हेल्मेट निळं आहे." लगेच मागून दुसऱ्याचा प्रश्न आला, "पण दुसऱ्यांच्या भांडणात आपले सैनिक कशाला?"

प्रश्न साधा होता, पण मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितेय.

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचं सैन्य नाही. सदस्य देश जवान देतात, तेच निळं हेल्मेट घालून शांतिसैनिक होतात. नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारत, पाकिस्तान हे सर्वांत जास्त जवान देणाऱ्या देशांपैकी. पण मोहीम कुठं पाठवायची, किती दिवस ठेवायची, हे सुरक्षा परिषद ठरवते. तिथं नकाराधिकार फक्त पाच देशांना. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. त्यांच्यापैकी चीन बऱ्यापैकी जवान पाठवतो, बाकीच्यांचे अगदी थोडे.

काही जण म्हणतात, गरीब देश पैशासाठी जवान पाठवतात. पैसे मिळतात हे खरं आहे. एका जवानामागे महिन्याला सुमारे 1400 डॉलर त्या देशाच्या सरकारला मिळतात, तेही बरेचदा उशिरा. पण जिवाची किंमत अशी होते का? आजवर सुमारे 180 भारतीय जवानांनी या मोहिमांत प्राण दिलेत. इतके दुसऱ्या कुठल्याच देशाचे गेले नाहीत.

1994 मध्ये रवांडात नरसंहार सुरू झाला. आपले दहा सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमनं तुकडी परत नेली. सुरक्षा परिषदेनं फौज वाढवायची सोडून आणखी कमी केली. तरी घानाचे जवान मागं थांबले. सेनेगलचे कॅप्टन म्बाय दियान यांच्या हातात तर शस्त्रही नव्हतं. त्यांनी शेकडो लोकांना वाचवलं आणि तिथंच त्यांचा मृत्यू झाला. निर्णय घेणारे दूर होते, निभावणारे तिथं होते.

म्हणून माझं मत असं, की जो जवान देतो त्याला निर्णयातही जागा हवी. परिषदेबाहेरच्या देशाकडून सैन्य मागायचं, तर त्याच्या वापराच्या निर्णयात त्याला बोलवावं, असं सनदेचं 44 वं कलमच सांगतं. भारतानं हे अनेकदा मांडलंय. अंमल मात्र कमी दिसतो.

आपण मुलांकडून पाच कायम सदस्य पाठ करून घेतो. त्यांच्या शेजारी जवान देणाऱ्या पाच देशांची नावंही फळ्यावर लिहूया. पुढचे प्रश्न मुलं स्वतःच विचारतील.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तुझे पप्पा भांडायला नाही गेले. भांडणात सापडलेल्यांना वाचवायला गेलेत." तो म्हणाला, "मग त्यांना सुट्टी कधी द्यायची, हे कोण ठरवतं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? जरूर कळवा.