जुन्या मोटारीचे स्टीअरिंग आणि अस्सलपणाची किंमत

जुन्या वस्तूचा कोणता भाग बदलला तरी ती 'तीच' राहते आणि कोणता बदलला असता दुसरीच होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांना फार जुना आहे. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्यावर ते जहाज तेच राहिले काय, असा वाद तत्त्वज्ञांत होत असल्याचे प्लुटार्कने नोंदविले आहे. इंग्लंड-अमेरिकेतील जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या मालकांत आज हाच वाद चालतो. आणि तो पुष्कळदा स्टीअरिंगच्या चाकावरून चालतो. वरवर पाहता हा हौशी श्रीमंतांचा मामला आहे. परंतु बाजारात किंमत नेमकी कशाची मोजली जाते आणि ती मोजताना माणसाच्या जिवाचा हिशेब धरला जातो की नाही, हा अर्थशास्त्रातील गंभीर प्रश्न त्यामागे आहे.

एम.जी.बी. या मोटारीचे उदाहरण घेता येईल. ऑक्सफर्डनजीकच्या ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ही मोटार तयार होत असे. सुमारे पाच लाख मोटारी तेथून बाहेर पडल्या व त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. आरंभीच्या मोटारींचे स्टीअरिंग मोठ्या व्यासाचे, पातळ कडेचे आणि पोलादी तारांच्या आऱ्यांचे होते. छप्पर उघडे टाकून उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीत त्याची कडक प्लास्टिकची कड काही दशकांनी तडकते. मग मालकाचे लक्ष इटलीच्या नार्डी किंवा इंग्लंडच्या मोटो-लिटा यांसारख्या नावांकडे वळते. ॲल्युमिनियमच्या आऱ्या आणि वर लाकडाची किंवा कातड्याची कड असलेले हे चाक दिसायला देखणे व हाताला सुखद असते.

या बदलाला दोन्ही बाजू आहेत. चाक लहान झाले की गुडघ्यांना जागा मिळते. पण तरफेच्या नियमानुसार ते फिरविण्यास अधिक जोर लागतो, आणि या मोटारीला जोर देणारी यांत्रिक मदत मुळात नाही. काही वेळा लहान चाकाची कड वेगमापकाच्या आडही येते. काम बाह्यतः सोपे आहे. पुढची चाके सरळ ठेवावीत, दांड्यावर खूण करावी, मधला नट सैल करावा, पण तो पूर्ण काढू नये; नाही तर घट्ट बसलेले स्टीअरिंग एकाएकी सुटून ओढणाऱ्याच्या तोंडावर आदळते. नव्या चाकाखालचा जोड दांड्याच्या खाचांशी तंतोतंत जुळला पाहिजे, आणि वर्षागणिक या खाचांत फरक असतो. हातोडी मात्र वर्ज्य समजावी.

हातोडी वर्ज्य का, याचे उत्तर इतिहासात आहे. समोरून टक्कर झाली असता स्टीअरिंगचा दांडा चालकाच्या छातीत घुसतो, या भीषण वस्तुस्थितीकडे राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत आघात शोषून घेणारे स्टीअरिंग सक्तीचे झाले. त्यामुळे तेथे जाणाऱ्या एम.जी.बी. मोटारींनाही दबणारा दांडा बसवावा लागला. असा दांडा अपघातात दबावा म्हणून मुद्दाम दुबळा ठेवलेला असतो. हातोडीच्या घावाने तो अपघातापूर्वीच निकामी होऊ शकतो. पुढे स्टीअरिंगच्या पोटात हवेची पिशवी आली. १९९० च्या दशकातील ज्या मोटारी आता 'जुन्या' म्हणून मिरवू लागल्या आहेत, त्यांतील पिशवीचे चाक काढून देखणे लाकडी चाक बसविणे म्हणजे सजावट नव्हे, संरक्षणाचा त्याग होय.

आता बाजाराकडे वळू. मूळ स्टीअरिंग असलेल्या मोटारीला खरेदीदार अधिक पसंती देतात. तडकलेल्या चाकाला हा मान का? याचा उलगडा १९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्याच बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात सापडतो. माहितीच्या विषमतेवरील या विचारासाठी त्यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मोटारीचे दोष विक्रेत्याला ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सर्वच मोटारींकडे संशयाने पाहतो आणि चांगलीलाही योग्य भाव मिळत नाही. अशा वेळी मूळ चाक साक्षीदाराचे काम करते. 'या मोटारीला कुणी फारसा हात लावलेला नाही' असे ते मुकेपणाने सांगते. म्हणजे अधिक किंमत मोजली जाते ती चाकाला नव्हे, त्याने दिलेल्या माहितीला.

हे एकदा ध्यानात आले की वादाची धार बोथट होते. तीच माहिती अन्य मार्गाने मिळत असेल, तर धोकादायक चाक जपण्याचे कारण उरत नाही. आणि ती मिळू शकते. इंग्लंडमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटार म्युझियम जुन्या कारखान्यांच्या नोंदींवरून मोटारीच्या जन्माचा दाखला देते. त्यात तयार झाल्याची तारीख, मूळ रंग असा तपशील असतो. या दाखल्यास मालकाने पुढील दुरुस्त्यांची प्रामाणिक वही जोडली, तर चाकाने द्यावयाची साक्ष कागद देईल, आणि अधिक खरी देईल. कारण जुने चाक बाजारातून विकत आणून मोटारीला लावता येते, आणि मग साक्षीदारच फितूर होतो.

प्रत्येकाने आपापल्या आवडीने भाग बदलले तर इतिहासच नाहीसा होईल, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर परत फिरविता येणारा व न येणारा बदल यांतील भेदात आहे. सांगाडा कापला की तो पूर्ववत होत नाही. जोड लावून बसविलेले चाक थोड्या वेळात उतरते, आणि मूळ चाक कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवता येते.

कायद्याची दृष्टीही येथवर पोहोचली पाहिजे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या व भरीव फेरफार न झालेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट आहे. मोटार रस्त्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी अर्थातच मालकावर आहे. भारतातही जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली, आणि सांगाडा, बॉडी व इंजिन यांतील भरीव बदल निषिद्ध ठरविले. दोन्ही ठिकाणी कसोटी अस्सलपणाची आहे. पण जो भाग चालकाच्या छातीसमोर असतो, त्याची कसोटी सुरक्षिततेचीच असावयास हवी. नोंदणीपत्रासोबत बदललेल्या भागांची यादी जोडणे आणि स्टीअरिंगची तेवढी जाणकाराकडून तपासणी करविणे, एवढ्याने दोन्ही हेतू साधतील.

जुन्याचे जतन हे सुसंस्कृत समाजाचे लक्षण आहे, यात वाद नाही. परंतु तडकलेले चाक हातात धरून भरधाव जाणे हे जतन नव्हे. जतन करावयाचे ते वस्तूचे खरे चरित्र; आणि चरित्रात दुरुस्त्यांचीही प्रकरणे असतात.