बारीक आहे, म्हणून निर्धास्त?
"आमचा बंड्या काडीसारखा, त्याला कुठला मधुमेह!" असे म्हणणाऱ्या पालकांनी सावध व्हावे. लठ्ठ मुलांना धोका असतोच. पण २०१६-१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाची माहिती बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. अनुरा कुर्पाड यांच्यासह संशोधकांनी तपासली, तेव्हा अनेक बारीक, खुज्या किशोरवयीनांच्या रक्तातही साखरेचे वा चरबीचे दोष आढळले.

वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त असली, की इन्सुलिनचा प्रभाव घटतो. म्हणून मुलाने अंग धरावे यासाठी तूप-साखरेचा मारा करू नका. डाळ, उसळ, दूध, अंडी द्या. रोज तासभर मैदानावर पिटाळा. घराण्यात मधुमेह असेल, तर रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.